शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब पहिल्या रुपयापासून मांडायला लावणारा कायदा आणि न्यायमूर्ती रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? प्रार्थना समाज, विधवाविवाह, वसंत व्याख्यानमाला, गोखल्यांचे गुरू. शाळेच्या पुस्तकात रानडे साधारण एवढेच भेटतात. पण हा माणूस आयुष्यभर रोज सकाळी उठून नेमकं काय काम करत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. नावाच्या आधी ‘न्यायमूर्ती’ लागतं ते उगाच नाही. रानडे कोर्टात बसायचे. कर्जाचे, गहाणाचे, जमिनीचे दावे ऐकायचे.

त्या कोर्टात बसूनच त्यांना एक प्रश्न पडला. एखाद्या भागातली शेती, व्यापार आणि कारखाने वाढायला भांडवल लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण कायदा आणि कोर्ट जर सामान्य माणसाला परवडणारं नसेल, तर ते भांडवल त्याच्यापर्यंत पोहोचेल का? आणि पोहोचलं तर त्याला वर काढेल की बुडवेल?

आज आपण रानड्यांची हीच बाजू समजून घेऊ.

निफाडचा मुलगा, विद्यापीठाची पहिली बॅच

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे लहानपण कोल्हापुरात गेलं. पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, त्या पहिल्याच तुकडीत रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. त्यानंतर काही काळ सरकारी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश आणि एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक अशा नोकऱ्या झाल्या.

१८७१ मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षाही पास झाले. म्हणजे मुंबईत वकिली थाटायचा रस्ता मोकळा होता आणि त्या काळी हायकोर्टातली वकिली म्हणजे बक्कळ पैसा. पण रानड्यांनी सरकारी न्यायखात्याची वाट धरली आणि त्याच वर्षी सबजज्ज म्हणून पुण्यात आले.

पुण्यात आदल्याच वर्षी, म्हणजे १८७० मध्ये, गणेश वासुदेव जोशी यांनी सार्वजनिक सभा सुरू केली होती. हे जोशी पेशाने वकील. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणायचे. एक वकील आणि एक जज्ज अशी ही जोडी जमली. सभेच्या कामामागे डोकं रानड्यांचं आणि धावपळ काकांची, असं म्हटलं तरी चालेल.

या दोघांच्या पुढाकारातून पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोगही झाला. कल्पना सोपी होती. दोन माणसांत पैशाचा वाद आहे, तर सरकारी कोर्टाचा स्टँप, वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे कशाला? दोघांना मान्य असलेल्या पंचांपुढे बसा, आपल्या भाषेत बोला आणि वाद मिटवा. एक जज्ज स्वतःच कोर्टाबाहेरच्या तडजोडीला पाठिंबा देत होता, हे त्या काळात वेगळंच होतं.

सुप्याच्या बाजारात कागद जळले

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. त्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. जमावाला सगळ्यात जास्त हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, कोर्टाचे हुकूमनामे. ते सापडले की रस्त्यावर आणून पेटवले जायचे. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

पण शेतकरी कागदावरच एवढा का चिडला होता?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. नेमकं त्याच सुमारास सरकारने जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी केली आणि अनेक गावांत सारा वाढवला. उत्पन्न खाली, सारा वर आणि कर्ज डोक्यावर.

त्यात भर पडली कायद्याची. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं केली होती. हेतू चांगला होता, कर्ज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये. पण घडलं उलटं. तीन वर्षं संपत आली की सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून घालायचा.

एक हिशेब करून बघू. समजा शेतकऱ्याने १०० रुपये घेतले, व्याज महिना दोन टक्के. तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो होतो २९६ च्या आसपास. आणखी तीन वर्षांनी जवळपास ५०९. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे. साध्या व्याजाने मोजलं असतं तर आकडा ३१६ वर थांबला असता. म्हणजे बाकीचे १९३ रुपये फक्त कागद पुन्हा पुन्हा बदलल्याने वाढले.

हा कागद घेऊन सावकार कोर्टात जायचा. कोर्ट बघायचं, सही किंवा अंगठा आहे ना? आहे. मग रक्कम देणं लागतं. शेतकऱ्याला वाचता येत नाही, वकील परवडत नाही, तालुक्याला जायला दोन दिवस मोडतात. तो तारखेला यायचाच नाही आणि निकाल एकतर्फी लागायचा. त्यानंतर जप्ती, लिलाव, नाहीतर तुरुंग.

थोडक्यात, कोर्ट सगळ्यांसाठी उघडं होतं. पण ते वापरता येत होतं एकाच बाजूला.

१८७९ चा कायदा: तेव्हाची ‘मोफत कायदेशीर मदत’

दंग्यांची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमलं. त्यातून पुढे १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांसाठी.

या कायद्यातल्या तरतुदी आज वाचल्या तरी आश्चर्य वाटतं.

एक, कोर्टाने फक्त शेवटच्या रोख्यावर विसंबायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं आणि पहिल्या रुपयापासून हिशेब मांडायचा. मुद्दलाचं खातं वेगळं, व्याजाचं वेगळं. व्याज साधं धरायचं आणि मुद्दलात मिसळलेलं व्याज सहसा मान्य करायचं नाही.

दोन, कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही. जमीन स्पष्टपणे गहाण टाकलेली नसेल तर ती लिलावात काढायची नाही.

तीन, दावा दाखल करण्याआधी कन्सिलिएटरकडे, म्हणजे तडजोड घडवून आणणाऱ्या माणसाकडे जायचं. तिथे जमलं नाही असा दाखला मिळाला तरच कोर्टाचा दरवाजा उघडायचा.

चार, दहा रुपयांपर्यंतच्या वादांसाठी गावातच मुन्सफ. आणि शेतकऱ्याने करून दिलेला कागद गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला गेला पाहिजे. पैसे भरले की पावती मागायचा आणि खात्याचा उतारा घ्यायचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला.

पाच, शंभर रुपयांपर्यंतच्या अशा दाव्यांत वकिलांना प्रवेशच नाही. मोठ्या दाव्यात सावकाराचा वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील परवडत नसेल, तर कोर्ट त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस उभा करू शकत होतं.

आपण ज्याला आज मोफत विधी सेवा म्हणतो, त्याचा हा दीडशे वर्षांपूर्वीचा अवतार.

संशयित जज्ज ते स्पेशल जज्ज

हा कायदा होत होता तेव्हा रानडे पुण्यात नव्हते. सार्वजनिक सभेच्या कामामुळे सरकारची त्यांच्यावर नजर होती. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात सरकारी वाड्यांना आगी लागल्या आणि पुण्याच्या पुढाऱ्यांवरचा संशय आणखी वाढला. रानड्यांना तिथून धुळ्याला पाठवण्यात आलं. तिथे त्यांची टपालही तपासली जायची.

आणि याच माणसाला १८८१ मध्ये सरकारने नव्या कायद्याखाली असिस्टंट स्पेशल जज्ज नेमलं, पुणे आणि सातारा जिल्ह्यांसाठी.

हे काम एका जागी बसून करायचं नव्हतं. या कायद्याखालच्या बऱ्याच दाव्यांत अपील नव्हतं. त्याऐवजी स्पेशल जज्जाच्या कचेरीने खालच्या कोर्टांची कागदपत्रं मागवायची, तपासायची आणि चूक दिसली तर दुरुस्त करायची. त्यासाठी तालुक्या-तालुक्यांतून फिरती असायची. रमाबाई रानडे यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींमध्ये या फिरतीच्या दिवसांबद्दल वाचायला मिळतं.

रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यावरून त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्याच मुलीला त्यांनी शिकवलं आणि पुढे त्या स्वतः मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हेही खरं. पण म्हणून पहिली गोष्ट पुसली जात नाही.

१८८४ मध्ये रानडे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले, १८८५ मध्ये मुंबई कायदेमंडळावर गेले, १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर. त्यानंतर ते याच कायद्याखालचे मुख्य अधिकारी, म्हणजे स्पेशल जज्ज झाले. चार जिल्ह्यांतल्या कर्जाच्या हजारो कागदांकडे बघण्याची अशी संधी त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या अर्थतज्ज्ञाला क्वचितच मिळाली असेल.

पण मग कर्ज आटलं त्याचं काय?

कायद्याने शेतकऱ्याला संरक्षण दिलं. पण सावकारही गप्प बसणारा नव्हता.

कोर्ट रोख्याच्या मागे जाऊन हिशेब तपासतंय म्हटल्यावर काही सावकारांनी रोखा घेणंच सोडलं. आता ते शेतकऱ्याकडून थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. कागदावर जमीन विकली. तोंडी बोली अशी की पैसे फेडलेस की जमीन परत. ही तोंडी बोली पाळली गेली नाही तर शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही, कारण कागद म्हणतो विक्री झाली. ही पळवाट बुजवायला रानडे गेल्यानंतर काही वर्षांनी कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

दुसरीकडे, ज्याची ऐपत कमी त्याला कर्ज मिळणं अवघड होऊ लागलं. बियाणं, बैल, सारा यासाठी पैसा तर लागणारच. सावकाराला बांधून ठेवलं, पण त्याच्या जागी दुसरं कोण उभं आहे?

रानड्यांच्या विचारातला महत्त्वाचा भाग इथे येतो. कायद्याने वाईट कर्ज थांबवता येतं, चांगलं कर्ज निर्माण करता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. ते सावकाराला नुसता खलनायकही मानत नव्हते. जमीन विकण्यावर सरसकट बंदी घाला, या मताचेही ते नव्हते. ज्याच्याकडे भांडवल आणि कसब आहे त्याच्याकडे काही जमीन जाणारच, त्यात सगळंच वाईट नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांना हे पटत नव्हतं आणि अभ्यासकांनी यावरून त्यांच्यावर टीकाही केली आहे. ज्याची जमीन गेली त्याने जायचं कुठे, हा त्या टीकेतला प्रश्न रास्तच आहे.

त्यावर रानड्यांचं उत्तर दोन भागांचं होतं. एक म्हणजे स्वस्त कर्ज देणारी संस्था. दुसरा म्हणजे शेतीबाहेरचा रोजगार.

पुरंदरची बँक, जी झालीच नाही

सर विल्यम वेडरबर्न हे इंग्रज न्यायाधीश. शेतकऱ्यांच्या प्रश्नाची त्यांना तळमळ होती. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्षही झाले. १८८० च्या दशकात त्यांनी शेतकरी बँकेची एक योजना मांडली आणि रानडे तिच्या बाजूने होते. प्रयोगासाठी पुरंदर तालुका ठरला.

योजना अशी होती. आधी तालुक्यातल्या शेतकऱ्यांची जुनी कर्जं तपासून, तडजोड करून मिटवायची. त्यासाठी लागणारा पैसा सरकारने पुढे करायचा. मग स्थानिक भांडवलदारांच्या बँकेने कमी व्याजाने नवं कर्ज द्यायचं आणि वसुलीला सरकारी यंत्रणेची मदत घ्यायची. सावकारांना बाहेर हाकलायचं नव्हतं, त्यांचाच पैसा बँकेतून नियमाने फिरवायचा होता.

हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं. पण लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी नकार दिला आणि पुरंदरची बँक कागदावरच राहिली.

रानड्यांनी विषय सोडला नाही. १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी त्यांनी जमिनीच्या तारणावरच्या कर्जाबद्दल मोठा निबंध तयार केला. युरोपात जमीन तारण घेणाऱ्या बँका कशा चालतात, सरकार त्यांना कुठे आधार देतं, जमिनीची मालकी कागदावर स्पष्ट असेल तर व्याज कसं खाली येतं, याचा तो अभ्यास होता. आपल्याकडे ठेवीदारांचा पैसा एकीकडे पडून आहे आणि शेतकरी-कारागीर दुसरीकडे भांडवलाला तरसतोय, या दोघांना जोडणारी संस्था आणि तिला लागणारा कायदा नाही, हा त्यातला मुद्दा.

जज्ज साहेब आणि कारखाने

१८९० मध्ये पुण्यात पहिली औद्योगिक परिषद भरली आणि ‘इंडस्ट्रियल असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली. दोन्हीमागे रानडे होते. त्या काळात पुण्यात कापडाची गिरणी, धातूच्या भांड्यांचा कारखाना, रंगकामाची कंपनी, कागद गिरणी, बँक असे जे उद्योग निघाले, त्यांना त्यांचं प्रोत्साहन होतं.

सरकारी न्यायाधीश असल्यामुळे ते स्वतः धंदा करू शकत नव्हते. त्यांनी दिली ती माहिती आणि मांडणी. कंपनी म्हणजे काय, भाग भांडवल कसं उभं करायचं, परदेशात सरकारं उद्योगाला कशी मदत करतात. हे निबंध पुढे १८९८ मध्ये पुस्तकरूपात आले. भारतीय अर्थशास्त्राच्या इतिहासात हे पुस्तक आजही पायाभूत मानलं जातं.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचं निधन झालं आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

मग पुढे काय झालं?

रानडे गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९११ मध्ये मुंबईत प्रांतिक सहकारी बँक निघाली, तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. ज्या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा कायदा झाला, त्यातल्याच नगर जिल्ह्यात पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हे सगळं रानड्यांमुळे झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण ‘कायदा, कर्ज आणि कारखाना हे तिन्ही एकत्र लागतात’ हे गणित त्यांनी आधी मांडलं होतं, हे मात्र खरं.

आणि त्यांनी राबवलेल्या तरतुदी? त्या वेगळ्या नावांनी आजही भेटतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यामुळे तालुका पातळीवर विधी सेवा समित्या आहेत. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. व्यापारी वादांसाठीच्या कायद्यात २०१८ पासून अशी अट आहे की तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थीकडे जा, मग दावा लावा. कन्सिलिएटरचा दाखला आठवतोय ना?

खासगी सावकारीसाठी महाराष्ट्रात २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. तरीही कर्जाच्या बदल्यात जमिनीचं खरेदीखत करून घेतल्याच्या तक्रारी अधूनमधून येतच असतात. पळवाट तीच, फक्त साल बदललं.

म्हणून रानड्यांच्या कामातून आपल्यासाठी घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. कर्ज घेताना आपण कशावर सही करतोय ते बघा. गहाणखत आणि खरेदीखत यातला फरक विचारा. पैसे भरले की पावती घ्या आणि खात्याचा उतारा मागा. आणि कळत नसेल तर सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले, कारण ते वाचून दाखवणारं त्यांच्या बाजूने कुणी नव्हतं.